आधी डोळे

मुलांच्या पुस्तकांसाठी मी वर्षानुवर्षं कागदावर चित्रं काढली. परवा मात्र फोटोफ्रेमची जुनी काच पुसून तिच्यावर मांजर काढून पाहिलं. काचेच्या मागून रंगवायचं आणि पुढून बघायचं, एवढंच ऐकून होते. सवयीने आधी अंग रंगवलं, ते वाळल्यावर त्यावर मिशा आणि शेवटी, श्वास रोखून, डोळे. काच उभी धरून पुढून पाहिली, तर नुसता केशरी गोळा!

वाटी परत द्यायला आलेल्या शेजारच्या सुलभाताई काचेच्या पलीकडे, रंगवलेल्या बाजूला उभ्या होत्या. "छान झालंय की," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेच बघतंय."

मला गंमत वाटली. कागदावर चुकलेलं मी वरून रंग चढवून किती वेळा झाकलं असेल! काचेवर नंतरचं सगळं मागे जातं आणि पहिला फटकारा कायम पुढे राहतो. म्हणजे डोळ्यांचं जे काम मी भीत भीत शेवटपर्यंत लांबवते, ते इथे सगळ्यांत आधी करायला हवं.

काच पुन्हा पुसली. कोऱ्या काचेवर फक्त दोन डोळे काढले आणि उचलून पाहिलं. मांजर अजून व्हायचं होतं. बघायला मात्र त्याने सुरुवात केली होती.