सिलेंडर खाली आहे

ताईंच्या भाचीला तेव्हा एक गोष्ट लिहायची होती. जग संपलेलं आहे, शहरं ओस पडली आहेत, आणि उरलेल्यांत खरी माणसं कोण आणि माणसांसारखी दिसणारी यंत्रं कोण, हे एकाच प्रश्नावरून ओळखायचं. दिल्लीतच मुनिरक्यातली भाड्याची खोली सोडून ती आमच्याकडे द्वारकेला राहायला आली होती. मी गवार मोडत बसले होते, तेव्हा तिनं विचारलं, "मावशी, तू कोणता प्रश्न विचारशील यार?" मी म्हटलं, जेवलात का, असं विचारीन. ती हसली. यंत्रसुद्धा हो म्हणेल, म्हणाली.

पाचच दिवसांनी ताई आजारी पडल्या. मग खिडकीतून पाहिलं की तिची गोष्टच दिसायची. रस्त्यावर कुत्र्यांशिवाय कोणी नाही, आणि दिवसभर अँब्युलन्सचे आवाज. बटणांना हात लागू नये म्हणून सोसायटीनं लिफ्ट बंद ठेवली होती. ज्या घरात आजारी माणूस, त्याच्या दारावर लाल कागद. आमच्या दारावर तो लागला, तसे जिन्यातले पाय आमच्या मजल्यावर झपाझप पडायला लागले.

ताईंकडे मी अकरा वर्षं कामाला आहे. स्वयंपाक, औषधं आणि सोबत. त्या मला माणूसघाणी म्हणतात. रागानं नाही, पण म्हणतात. बाहेरचं सगळं बोलणं त्याच करत. मला हिंदी कळते, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. समोरच्या घरातली माणसं मला दाराबाहेरच्या चपलांवरूनच माहीत होती. एक पुरुषाचे बूट, एक म्हातारीच्या मऊ चपला.

त्या दुपारी भाची हॉस्पिटलात खाट मिळते का ते बघायला गेली होती. ताईंच्या सिलेंडरचा काटा लाल पट्टीत शिरला होता. बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येतात, ते विरळ व्हायला लागले. बोटावरच्या यंत्रात आधी अठ्ठ्याऐंशी होते, मग पंच्याऐंशी. ताईंचे डोळे उघडे होते आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या.

तेवढ्यात भाचीचा फोन आला. भरलेला सिलेंडर मिळाला, मित्र गेटवर ठेवून गेलाय, गार्डला वर यायला मनाई आहे. "मला तास लागेल. कोणाला तरी हाक मार मावशी, प्लीज. आज लाजू नकोस."

चार मजले. एकटीनं तो वर आणेपर्यंत काय होईल ते कळत होतं. मी समोरच्या दारापुढे उभी राहिले. काय बोलायचं ते मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि कडी वाजवली.

तोंडाला दोन मास्क लावलेला चाळिशीचा माणूस बाहेर आला. मी म्हटलं, "भाईसाब, हमारा सिलेंडर खाली है."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मागच्या लाल कागदाकडे पाहिलं. तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

मी तिथेच उभी राहिले. दुसरं दार वाजवायचं बळ माझ्यात नव्हतं. आत ताईंच्या श्वासाचा आवाज येत होता, करवत चालावी तसा. भाचीच्या गोष्टीत असंच होतं. जग संपल्यावर सगळी दारं बंद. मी जिन्याकडे वळले, एकटीनं ओढत आणायचा ठरवून, आणि मागे त्याचं दार उघडलं.

तो सिलेंडर तिरका करून, कडेवर फिरवत घेऊन येत होता.

मला काही कळेना. मी बोटानं जमिनीकडे दाखवत म्हणत राहिले, खाली, खाली है. तो म्हणाला, हां दीदी, समझ गया, आणि सरळ ताईंच्या खोलीत गेला. पान्यानं जुन्या सिलेंडरचं वरचं काट्याचं घड्याळ काढून नव्याला बसवलं. बुडबुडे परत दाट झाले. आम्ही दोघं त्या बोटावरच्या यंत्राकडे बघत राहिलो. ब्याऐंशी. ब्याऐंशी. चौऱ्याऐंशी. नव्वद व्हायला किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

निघताना तो म्हणाला, "ये भी खाली होने लगे तो बता देना."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. सिलेंडर खाली कसा होईल? यांच्या बोलण्यात खाली म्हणजे रिकामा. अकरा वर्षं हा शब्द ऐकत होते, आणि नेमका आज विसरले. मी उचलायला हात मागत होते, त्यानं ऐकलं ते वेगळंच.

आणि त्याच्या उघड्या दारातून म्हातारीचा खोकला आला. खुर्चीत बसलेली, नाकाला नळी; लाल कागद लागू नये म्हणून त्यांनी कळवलंच नसावं. तिचा एक सिलेंडर चालू होता. आमच्याकडे आला होता तो तिच्यासाठी राखून ठेवलेला.

मी पायात चपलाही न घालता जिना उतरले. सिलेंडर गेटजवळ होता. पदर त्याच्या मानेला गुंडाळून एकेक पायरी ओढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर हात सुटला आणि तो दोन पायऱ्या घरंगळला. त्या आवाजानं गार्ड वर आला, आणि मनाई विसरून त्यानं खालचं टोक धरलं.

समोरच्या दारात सिलेंडर उभा करून मी म्हटलं, ये भरा है, आपकी माँ का. तो विचारायला लागला, कुठून आणला. मी पुन्हा जमिनीकडे बोट केलं. "नीचे था. हम नीचे को खाली बोलते हैं."

तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "मैं दरवाज़ा बंद करके अंदर खड़ा था, दीदी. काफ़ी देर. सोचा था, नहीं दूँगा."

मी विचारलं, "खाना खाया?" त्यानं मान हलवली, नाही. मी पोळ्या करून आणल्या.

ताई बऱ्या झाल्या. त्याची आईही उठली, अजून काठी घेऊन गच्चीवर येते. भाचीनं पुढे गोष्ट पुरी करून आम्हाला वाचून दाखवली. तिच्यात एकजण दार वाजवतो, आणि आतला खरा माणूस असल्यामुळे लगेच उघडतो. ताईंना फार आवडली. मला वाटलं, सांगावं की लगेच उघडत नाही. पण समोरच्याचं ते दाराआड उभं राहणं त्यानं मला एकटीला सांगितलं होतं. मी गोष्ट चांगली झाली म्हटलं आणि चहा टाकायला उठले.