कर्नाळ्यात काढलेला जनीताईंचा फोटो

रविवारी कर्नाळ्याला जायचं ठरवलं ते पक्ष्यांसाठी. सकाळी सहाला नवीन पनवेलहून स्कूटरने निघाले. गोवा हायवे तेव्हा रिकामा असतो, अर्ध्या तासात अभयारण्याच्या फाटकावर. तिकीट तिथेच मिळतं. अत्तर मात्र लावून जाऊ नका, वरच्या किल्ल्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी आहेत.

वाट दाखवायला जनीताई आल्या. पायथ्याच्या वाडीतल्या, पन्नाशीच्या. इतकी वर्षं वीटभट्टीवर जायच्या. यंदा भट्टी सोडून हेच काम धरलंय. त्यांना पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो. "थांबा. डाव्या अंगाला, उंबरावर." तिथे खरंच हळद्या बसलेला!

दोन तासांनी किल्ल्यावर पोचलो. ऊन पाठीशी घेऊन उभ्या जनीताईंचा मी फोटो काढला.

खाली टपरीवर पोहे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "यो फोटो मला द्या. हितंच लावते. लोकं बघून मला बोलावतील."

मी मोबाइलवरच एडिटिंगला बसले. कॉन्ट्रास्ट चढवला, क्लॅरिटी चढवली. आभाळ नाट्यमय झालं, सुरकुती न् सुरकुती कोरल्यासारखी. मी खूश! स्क्रीन त्यांच्यापुढे धरली.

त्या बघतच राहिल्या. "ही कोन? दुखण्यातून उठल्यावानी दिसते. हिच्यासंगं डोंगर कोन चढंल?"

टपरीवाल्या सलमाभाभी वाकून म्हणाल्या, "या अल्ला, दहा वर्षं वाढवलीत की हिची!"

मी ओशाळले. त्यांचं पोट ज्या चेहऱ्यावर चालणार होतं, तो मी माझ्या हौसेपायी काळवंडून टाकला होता.

मूळ फोटो पुन्हा उघडला. कॉन्ट्रास्ट उजेड आणि सावली एकमेकांपासून ओढतो. ऊन पाठीशी असेल तर सावळा चेहरा त्यात बुडतो. म्हणून तो उलट कमी केला, शॅडोज उजळल्या. डोळे वर आले. मग टेक्श्चर अगदी थोडं. ते फक्त बारीक पोत उठवतं, त्यामुळे लुगड्याची वीण दिसली आणि चेहरा तसाच राहिला.

"हां, ही मी हाय," जनीताई हसल्या. "पयला पुसून टाका."

लाइक्स त्यालाच मिळाले असते. तरी त्यांच्यासमोर डिलीट केला.

पनवेलच्या स्टुडिओत प्रिंट काढून, लॅमिनेट करून टपरीवर पोचवली. आता माणसाचा फोटो असेल तर मी आधी शॅडोज बघते, कॉन्ट्रास्टला शेवटी हात लावते. आणि फोटो त्या माणसाला दाखवल्याशिवाय कुठेही टाकत नाही.

परवा घरी स्वयंपाक करत होते, तर जनीताईंचा फोन. पुढच्या रविवारी येऊ का, मी विचारलं.

"नका येऊ, ताई. त्या दिवशी माज्याकडं पाखरं बघनाऱ्यांच्या दोन टोळ्या हायत."