दाताखाली मोडलेला काटा

"पाय मांडीतून कापावा लागेल. उद्या सकाळी. आज तुमचं हो पाहिजे," असं डॉक्टर माझ्या सासूला म्हणाले. मी पदर ओढून भिंतीला लागून उभी होते.

इंग्रजीत त्याला ॲम्प्युटेशन म्हणतात. म्हणजे औषधाचं काम संपलं, आता करवतीचं. हा शब्द डॉक्टरांनी दोनदा उच्चारला आणि दुसऱ्यांदा तळहाताची कड मांडीवर आडवी ठेवून दाखवली, म्हणून मला कळला.

खाटेवर माझा नवरा होता. तेव्हा मी त्याचं नाव घेत नसे. आता तो नाही, लिहायला हरकत नाही. नारायण. वय बावीस-तेवीस. त्याचा उजवा गुडघा कोहळ्याएवढा झाला होता, कातडी ताणून चकाकत होती आणि वास येत होता. तो शुद्धीवर होता.

"माय, पाय नाई तं मीबी नाई. वखरामागं का हातानं चालू? गाडी जुंप अन् घरी ने मले," तो म्हणाला.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. ते पुण्याकडचे होते, आवाज चढवत नसत. म्हणाले, घरी न्यायचं तर न्या, पण चार-पाच दिवसांत पू रक्तात उतरेल. त्याला त्यांनी पायीमिया असं नाव सांगितलं. त्यावर औषध नाही, असंही सांगितलं.

सासू खाली बसली. संध्याकाळपर्यंत सांगते म्हणाली.

हे सगळं शिंदीची झाडं तोडण्यावरून झालं. नाल्याकाठी राहणाऱ्यांच्या घरात हे आजही होऊ शकतं, म्हणून लिहिते आहे.

आमचं शेत नांदगावच्या अलीकडे नाल्याला लागून होतं. काठावर शिंदीची चाळीसेक झाडं. त्यांच्या झावळ्यांचे फडे करून आम्ही अंगण झाडायचो, पोरं शिंदोळ्या खायची, बाकी त्या झाडांकडे कोणी पाहत नसे. मग सातासमुद्रापार कुठे तरी लढाई लागली आणि आमच्या कापसाला कधी नव्हता तसा भाव आला. लोकांनी बांध नांगरले, गुरांचं कुरण नांगरलं, एकाने तर घरामागचा उकिरडा उचलून तिथे सरकी टोबली. नारायणला नाल्याकाठची पट्टी दिसायला लागली. फाल्गुनात वेचणी संपली आणि त्याने ठरवलं, मृगाच्या आधी शिंदी काढायची.

शिंदी काढणारा माणूस गावात एकच होता, गोमाजी. त्याची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे. तो झाडाला हात लावण्याआधी भोवती एक फेरी मारायचा आणि झाड कुठे पाडायचं ते ठरवायचा. शिंदीच्या झावळीला बुडाशी काटे असतात, बोटाएवढे लांब, दाभणासारखे. ती पानंच असतात, काटा होऊन बसलेली. गोमाजी आधी ते काटे उतरवायचा. लांब दांड्याचा कोयता, हात वरून खाली, अंगापासून दूर. काटे उतरले की झावळी तोडायची, खालच्या आधी, वरच्या नंतर. तोडलेली झावळी हाताने उचलायची नाही, आकड्याने ओढायची. काटे झाडून खड्ड्यात पुरायचे. जाळले तर वरून जळतात, आतून कडक होतात आणि मातीत तसेच राहतात. सगळा शेंडा मोकळा झाला की वर दोर बांधायचा, नाल्याच्या अंगाला ताणून धरायचा आणि मग बुंध्याला कुऱ्हाड. दिवसाला दोन झाडं, फार तर तीन. उन्हं कलली की काम बंद, कारण काटा दिसत नाही.

नारायणने हिशेब धरला, चाळीस झाडांना पंधरा-वीस दिवस लागतील. त्याला इतका धीर नव्हता. तो गोमाजीला म्हणाला, "बुढ्या, तू झाड तोडून राह्यला का त्याची हजामत करून राह्यला?"

गोमाजी म्हणाला, "मालक, हजामत केली नाई तं हे झाड तुमचीच हजामत करते." आणि कोयता खांद्यावर टाकून गेला. त्याला परत बोलवायला कोणी गेलं नाही.

नारायणने दोन गडी घेतले आणि काट्यांसकट झाडं पाडायला सुरुवात केली. तीन दिवसांत अर्धी पट्टी आडवी. चौथ्या दिवशी तो पडलेल्या झाडाचा दोर सोडायला वाकला आणि उजवा गुडघा त्याने झावळीच्या बुडावर टेकला.

मी भाकरी घेऊन गेले होते. काटा मीच काढला. गुडघ्याच्या वाटीखाली, बाहेरच्या बाजूला, दोन बोटांवर. बाभळीच्या काट्याने उकरलं, चिमटीत धरलं, ओढलं. रक्त थेंबभरही आलं नाही.

आमच्या घरी रीत होती, काढलेला काटा दाताखाली चावून मोडायचा आणि थुंकायचा. म्हणजे तो पुन्हा सलत नाही. ज्याने काढला त्यानेच मोडायचा. मी तोंडात टाकला, चावला, थुंकला. नारायण उठून कामाला लागला.

तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. सासूने बिबा दिव्यावर धरून त्याचं तेल गुडघ्यावर सोडलं. काटा लागला की आमच्याकडे बिब्याचा चटका देतात. पण एक थेंब पुरतो. तिने काळजीपोटी गुडघाभर दिला. बिबा उतला. कातडीवर फोड आले, फुटले, चिघळले. दुखणं आतलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं, हे कोणाला कळेना.

पुढे दहा दिवस सूज कमी-जास्त होत राहिली. कमी झाली की आम्ही म्हणायचो उतार पडला. मग थंडी वाजून ताप आला आणि त्याला पाय हलवता येईना. गाडीत कडबा पसरून त्याला अमरावतीला आणलं. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग होती, बाजाराकडे जाणारी. आमची गाडी बाजूला काढायला जागा नव्हती. तीन कोसांना अख्खा दिवस गेला. पुढचा गाडीवान मागे वळून एकदा म्हणाला, "तुमच्या गाडीत बोंडं कच्ची हायेत का, एवढं हळू काहून?" मग त्याने नारायणला पाहिलं आणि गाडी बांधावर चढवून वाट दिली.

सरकारी दवाखान्यात पहिल्या दिवशी नाव विचारलं. आई थोरल्या मुलाचं नाव घेत नाही, म्हणून सासू म्हणाली, हिला विचारा. मी नवऱ्याचं नाव कसं घेणार? शेवटी रोग्यानेच सांगितलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय लागलं होतं? सासू म्हणाली, काटा. निघाला का? निघाला, सुनेने काढला. मोडला तर नाही? मोडला की, सासू म्हणाली, रीतीप्रमाणे. डॉक्टरांना ती काय म्हणाली ते कळलं नाही आणि त्यांनी काय विचारलं ते तिला कळलं नाही. बिब्याचं तिने सांगितलंच नाही. सरकारी डॉक्टर रागावतात, असं तिने ऐकलं होतं. मी बोलले नाही. सासू समोर असताना सुनेने परक्या पुरुषाशी बोलायची पद्धत नव्हती.

डॉक्टरांनी त्या दुखण्याला सायनोव्हायटिस म्हटलं. सांध्याच्या आत वंगणाची पिशवी असते, ती सुजणं. त्यांनी पुल्टिस लावलं, म्हणजे जवस कुटून शिजवून गरम पोटीस. ते घरीही केलं असतं. पाचव्या दिवशी चांदीची बारीक सळई फोडांतून घालून पाहिली. तिला प्रोब म्हणतात. पू आला, बाकी काही लागलं नाही. कातडी सगळीच फुटलेली होती, नेमकं कुठे शोधावं हे त्यांना समजायला मार्ग नव्हता. आठव्या दिवशी त्यांनी ॲम्प्युटेशन सांगितलं.

तर ती दुपार. सासू खाटेपाशी, मी बाहेर व्हरांड्यात. तिथे एका हमालाच्या तळपायातून बाभळीचा काटा काढत होते. मलमपट्टी करणारा माणूस म्हातारा होता. त्याने काटा काढला, फेकला नाही. उजेडात धरला, बोटावर टोचून पाहिला आणि हमालाला म्हणाला, "टोक आलं. जा आता."

मी उठून उभी राहिले.

मी चावलेला काटा माझ्या जिभेला टोचला नव्हता. ते मला तेव्हाच जाणवलं होतं. शिंदीचा काटा तोंडात घ्यायचा म्हणजे जपून घ्यावा लागतो, मी जपूनच घेतला होता, आणि तो एकाच चाव्यात मोडला. नखाएवढा. दोन्हीकडून बोथट. मी म्हटलं होतं, लहानच होता. पण शिंदीला लहान काटा असतो कुठे?

डॉक्टर हात धूत होते. मी पदर मागे सारला आणि सांगितलं, "काटा आत हाय. टोकाकडचा."

ते म्हणाले, "काटा निघाला असं तुमच्या सासूबाईंनी सांगितलं."

"बूड निघालं. मी चावलं, मले माहीत हाय. टोक असतं तं टोचलं असतं."

सासू मागून आली होती. म्हणाली, "मोठी दाक्तरीण झाली. तुले कोणं इचारलं?"

"कोणं नाई. म्हणूनच इतके दिवस गेले," मी म्हणाले. सासूला उलट बोलण्याची ती माझी पहिली वेळ. मग मी बिब्याचंही सांगून टाकलं.

डॉक्टर रागावले नाहीत. मला खाटेपाशी नेलं आणि म्हणाले, जागा दाखवा. मी बोट ठेवलं, वाटीखाली, बाहेरून, दोन बोटांवर. गुडघा कसा टेकला होता, झावळी कशी पडली होती, तेही जमिनीवर बसून दाखवलं. काटा खालून वर गेला असणार.

त्यांनी त्या जागेवर स्वतःचं बोट दाबून पाहिलं. मग सासूला नाही, मला म्हणाले. सांधा उघडणं हे पाय कापण्यापेक्षाही धोक्याचं आहे. काटा सापडला तर पाय राहील, पण कदाचित वाकणार नाही. सापडला नाही तर मग पाय कापूनही कदाचित जीव वाचणार नाही. "बाई, तुमची खात्री आहे?"

खात्री कसली. मला जिभेचं आठवत होतं, तेवढंच. मी हो म्हणाले.

नारायणला विचारलं. तो मला म्हणाला, "तू चावलाव्हता नं? मंग तूच सांग." तो हसला बहुतेक. तापात नीट कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला क्लोरोफॉर्म दिला. ते गोडसर वासाचं औषध असतं, रुमालावर टाकून नाकाशी धरतात, माणूस झोपतो आणि त्याला दुखत नाही. टेबलावर करवतही ठेवली होती. मला दाराबाहेर बसवलं. सासू माझ्या शेजारी बसली. तिने एकदा माझ्यापुढे पाण्याचा लोटा सरकवला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर काळं काही होतं. दोन पेरांएवढं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "टोक पाहून घ्या."

मी बोट लावून पाहिलं. टोचलं.

त्यानंतर सव्वा महिना दवाखान्यात गेला. पहिले नऊ दिवस ताप उतरला नाही आणि करवत लागणारच, असं दोनदा वाटलं. दहाव्या दिवशी त्याने भाकर मागितली. गुडघा आखडला तो आखडलाच. त्याला अँकिलोसिस म्हणतात, म्हणजे सांधा हाडासारखा एकसंध होणं. नारायण वखरामागे चालला, पाय बाजूने फेकत. मांडी घालून जेवायला त्याला कधी बसता आलं नाही.

ज्यांच्या शेतात शिंदी आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. काटे आधी उतरवा, झाड मग पाडा. काटा लागला तर काढून चावू नका, टोक पाहा. टोक नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, बिबा लावू नका आणि विचारतील ते सगळं सांगा. ज्याला माहीत आहे त्याला बोलू द्या, मग ती सून असली तरी.

डॉक्टरांची पुढे बदली झाली. त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं. त्यांनी करवत बाजूला ठेवली आणि एका अडाणी पोरीच्या बोटाखाली शोधलं, हे मी विसरले नाही.

उरलेली झाडं गोमाजीने काढली. अंगाला एकही काटा न लागता तो म्हातारा होऊन गेला. सासू पुढे अकरा वर्षं जगली. तिने घरात पुन्हा कोणाला काटा चावू दिला नाही, का ते कधी बोलली नाही. नारायण त्यानंतर चौतीस वर्षं जगला, दोन्ही पायांवर.