धनसिंगभाऊंची पाकिटं

जुन्या मोंढ्यात, म्हणजे आमच्या जुन्या बाजारात, रविवारी सकाळी आमच्यापैकी कुणी नाव न विचारता कॅमेरा डोळ्याला लावला, की धनसिंगभाऊंचा तळहात भिंगावर येऊन बसायचा. ओरडणं नाही, समजावणं नाही. कॅमेऱ्यातून बघणाऱ्यासमोर नुसता अंधार व्हायचा आणि कानाशी आवाज यायचा, "नाव इचारलं का?" विचारलं नसेल तर हात निघत नसे. एकदा आमच्यातल्या डॉक्टरांनी चिडून म्हटलं, "अहो, तो क्षण निघून गेला ना!" धनसिंगभाऊ म्हणाले, "जाऊ द्या. माणूस इथंच हाय."

सेनगावकडच्या एका तांड्यातून धनसिंग राठोड हिंगोलीत आले आणि जुन्या बाजाराच्या तोंडाशी त्यांनी एक खोलीचा स्टुडिओ टाकला. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी. घरी ते बंजाऱ्यांची गोरमाटी बोलत, बाजारात हिंदी आणि माझ्याशी मराठी. मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी एक जुना कॅमेरा घेतला आणि रोल कसा भरतात हे विचारायला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी रोल भरून दिला आणि म्हणाले, "रविवारी सात वाजता या. एकटं फिरून काय फोटो निघत नसतो."

आम्ही पाच-सहा जण झालो. दवाखाना असलेले एक डॉक्टर, एक विमा एजंट, कॉलेजातले दोघे. सगळ्यांत मिळून एक कॅमेरा आणि एकच रोल. प्रत्येकाच्या वाट्याला सहा फोटो. धनसिंगभाऊ म्हणत, "छत्तीस दिले की तुमी माणसाकडं बघत न्हाई. सहा दिले की बघता." फोटो काढायच्या आधी नाव विचारायचं आणि ते कागदावर लिहायचं. रोल ते स्वतः घरी धूत. निगेटिव्हचे तुकडे बटर पेपरच्या पाकिटांत ठेवत आणि त्या पाकिटांवर शिसपेन्सिलीनं नावं उतरवत, फोटोच्या क्रमानं. नावाची वही वगैरे काही नव्हती. पाकीट हीच वही.

आणि पुढच्या रविवारी आधी गेल्या आठवड्याचे फोटो ज्याचे त्याला नेऊन द्यायचे. ज्यानं काढला त्यानंच द्यायचा. मला हे फार जड जाई. मी पुस्तकांतला माणूस, अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायचीही टाळायचो. भाऊ मागून ढकलायचे. "जा की सर. चोरी करून आणला काय फोटो? मंग द्यायला काहून लाजून राहिले?"

कल्हईवाले चाँदचाचा एकदा त्यांना म्हणाले, "धनसिंग, हर बार नाम लिखते. समन्स भेजनेवाले हो क्या?"

"समन्स न्हाई चाचा, फोटो भेजता हूँ."

"फिर बीवी का नाम मत लिखना. वो पूछेगी, बिना बताए बाजार में क्या करते थे."

सगळी गल्ली हसली. त्या वेळी आम्ही सगळे धनसिंगभाऊंचे होतो, असं मला वाटत असे. खरं तर आम्ही फक्त त्यांचे नियम पाळत होतो. नियम का आहेत हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं, आणि ग्रंथपाल असूनही मी विचारलं नाही.

मग हिंगोली जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, रस्ता रुंद करायचा ठराव आला. गावात एक सांस्कृतिक मंडळ निघालं आणि डॉक्टर त्याचे अध्यक्ष झाले. जुन्या बाजारावर आपल्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं, असं त्यांच्या मनात आलं. निगेटिव्ह धनसिंगभाऊंकडे होत्या, बिस्किटांच्या तीन पत्र्याच्या डब्यांत. ते द्यायला तयार नव्हते. मी गेलो. मी म्हणालो, "भाऊ, माझ्या ताब्यात राहतील. मी आहे ना."

त्यांनी डबे माझ्यासमोर ठेवले. "तुमी हायत म्हणून देतो. जसे हायत तसे आणून द्या."

ते वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

डॉक्टर म्हणाले, "सर, विषयवार लावून टाका. बाजार, स्त्रिया, मुलं, वृद्ध. तुमच्याइतकं चांगलं कोण लावणार?" वर्गीकरण हा माझा धंदा. गठ्ठ्यांत पडलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. दोन दिवस वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून मी एकेक पाकीट उघडलं, निगेटिव्ह बाहेर काढल्या, कापून वेगळ्या केल्या आणि प्लॅस्टिकच्या नव्या फाइलींत विषयवार लावल्या. बटर पेपर जुना झाला होता, पिवळा पडला होता, काही ठिकाणी चिकटला होता. चिकटलेली पाकिटं मी फाडली. बाकीचीही शेवटी टोपलीत टाकली, कारण आता ती रिकामी होती. संध्याकाळी शिपायानं टोपली बाहेर नेऊन जाळली. धूर खिडकीतून आत आला तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली.

पाच-सहा वर्षांतल्या माणसांची नावं होती त्यांवर. मी ती वाचलीही होती, लावता लावता. रिकामी म्हणालो मी त्यांना!

फोटो निवडून झाल्यावर डॉक्टरांनी खाली ओळी मागितल्या. "कविता नको, एकच शब्द. ठसला पाहिजे." मी शब्द दिले. कष्ट. वार्धक्य. माया. निरागसता. प्रतीक्षा. तेव्हा मला ते सुंदर वाटले होते.

प्रदर्शन उघडलं त्याच्या आदल्या आठवड्यात मोंढ्याची एक अख्खी बाजू पाडली गेली. कल्हईचं दुकान, बांगड्यांची दोन दुकानं, दोरखंडवाल्यांची ओळ, बुरुडांची बैठक, सगळं. मशीन तीन दिवस चाललं. डॉक्टरांचा दवाखाना मागच्या बाजूला होता, तो आता थेट रस्त्यावर आला. तेच डॉक्टर फीत कापल्यावर हुंदका आवरत म्हणाले, "आपण काय गमावलं, हे हे फोटो सांगतील." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

धनसिंगभाऊ उशिरा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. पहिल्या फोटोपाशी बराच वेळ उभे राहिले. मग दुसऱ्या. मग तिसऱ्यापाशी येऊन मोठ्यानं म्हणाले, "हिचं नाव माया न्हाई."

लोक वळून बघायला लागले.

"ही गवळणबाई. आख्ख्या बाजारात एवढी भांडकुदळ बाई न्हाई. माया कशाची? आन हे वार्धक्य कोण? हे चाँदचाचा हायत. चाचाला वार्धक्य म्हणून हाक मारा बरं, कल्हईची सांडशी घेऊन अंगावर येतील." कुणीतरी हसलं. भाऊ हसले नाहीत. "हे कोणी लिवलं?"

"आपल्या सरांनी," डॉक्टर म्हणाले. "किती मोजके शब्द, बघा ना."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून पेन्सिल काढून ते चाँदचाचांच्या फोटोखालच्या पुठ्ठ्यावर नाव लिहायला लागले. मंडळाच्या दोघांनी त्यांचा हात धरला. "भाऊ, प्रदर्शन खराब करू नका." एक साहेब आले होते, ते डॉक्टरांच्या कानाशी वाकून म्हणाले, "हा कोण?"

डॉक्टर म्हणाले, "काही नाही, स्टुडिओवाला आहे."

मी तिथंच होतो. भाऊ पेन्सिल धरलेला हात सोडवून घेत होते आणि मी हाताची घडी घालून उभा होतो. मला माझा राग यायला आणखी पुष्कळ वर्षं जावी लागली. डॉक्टरांचा मात्र तेव्हाच आला, कारण तो सोपा होता.

दुसऱ्या दिवशी मी डबे घेऊन स्टुडिओत गेलो. त्यांनी झाकण उघडलं, फाइली पाहिल्या, प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं. "पाकिटं?"

मी सांगितलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "माझी याडी मेली तवा तिचा एक बी फोटो नव्हता. मी फोटोवाला, आन आईचा फोटो न्हाई. काढू काढू म्हणता राहिला. मंग एकदा जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत गेलो, तर भिंतीवर कॅलेंडर. त्यात माझी याडी. आरशांची चोळी, हातभर पांढऱ्या बांगड्या. कोणतरी तांड्यावर येऊन काढून गेला असंल. खाली लिवलं व्हतं, बंजारा स्त्री. मी क्लार्कला म्हणलं, साहेब, वरीस संपल्यावर हे मला द्या, ही माझी आई हाय. तो म्हणला, तुमच्या सगळ्या बाया सारख्याच दिसतात."

मी माफी मागितली.

"मला काहून मागता सर? मला माझं नाव ठाऊक हाय."

रविवारचं फिरणं त्या दिवशी संपलं. लोकांना दिलेले फोटो बहुतेक पाडापाडीत गेले होते; भाऊंनी सगळे पुन्हा छापले आणि एका कापडी पिशवीत घालून ते आठवडी बाजार धरू लागले. मोंढ्यातून उठलेली माणसं आता जवळा बाजारला, सेनगावला, डोंगरकड्याला बसत होती. भाऊ एस.टी.नं जायचे. स्वतः काढलेल्या माणसांची नावं त्यांना बहुतेक पाठ होती, प्रश्न आम्ही काढलेल्यांचा होता. कॉलेजातल्या एकाला स्वतःच्या फोटोंतली चार नावं आठवली. डॉक्टरांना एकही नाही. मला निम्मीही नाहीत. नियम म्हणून विचारली होती, कागदावर उतरवली होती आणि विसरलो होतो.

एकदा जवळा बाजारला मी त्यांना गाठलं. कापसाच्या गाड्यांच्या पलीकडे, चहाच्या टपरीपाशी फोटो मांडून बसले होते. भोवती माणसं. एक म्हातारा म्हणत होता, "हा तर आमच्या मेव्हण्याचा भाऊ, दिसून राहिला तसाच हाय, टोपी तेवढी नवी." भाऊ नवं पाकीट काढून लिहीत होते. मी म्हणालो, "मी येतो बरोबर. दर आठवड्याला येतो."

"नका येऊ सर. तुमी आले की पुन्यांदा लावून ठेवसाल."

टपरीवाला हसला. मी परतीची एस.टी. धरली. तीन वर्षं ते असे फिरले. मग किडनीचं दुखणं निघालं, नांदेडच्या फेऱ्या सुरू झाल्या, स्टुडिओचं शटर बंद राहू लागलं. मी भेटायला गेलो की ते झोपलेले असत, किंवा वहिनी तसं सांगत.

ते गेल्यावर मंडळानं शोकसभा घेतली. डॉक्टर म्हणाले, "धनसिंग हे या शहराच्या स्मृतीचे चित्रकार होते." ज्या माणसाला स्टुडिओवाला म्हणून बाजूला केलं, त्याच्याबद्दल हे. मग एकेक जण उठला आणि त्यांच्या साधेपणाबद्दल बोलला. साधे नव्हते ते. हट्टी होते, शब्दाला पक्के होते आणि अपमान विसरत नव्हते. माझं नाव पुकारलं तेव्हा मला हे सगळं म्हणायचं होतं. पाकिटं कुणी फाडली हे सांगायचं होतं. मी उठलो, दोन मिनिटं मौन पाळू या म्हणालो आणि बसलो. भित्र्या माणसाला मौनाइतकी चांगली जागा नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. माझ्या हातात फोटोंचा एक गठ्ठा दिला आणि कोऱ्या बटर पेपरची पाकिटं. "बाकीचे समदे झाले. हे राहिले. सरांनी काढलेले हायत, सरांनीच करावे म्हणले." एकेक फोटो पाहिला. सगळे माझेच होते. तीन वर्षांत त्यांनी सगळ्यांच्या माणसांना नावं लावून दिली होती, डॉक्टरांच्या सुद्धा. माझ्या एकाही माणसाला नाही. मला वाटलं, ही शिक्षा आहे. रागही आला त्यांचा, मेलेल्या माणसाचा. एवढं कशाला मनात धरायचं?

महिनाभर गठ्ठा कपाटात राहिला. मग बाजाराच्या दिवशी मी जवळा बाजारला उतरलो. कुणाला विचारावं कळेना. सुपं-टोपल्या मांडून बसलेल्या एका बाईसमोर थांबलो आणि पहिला फोटो पुढं केला. फोटोत बांबू सोलणारी एक तरुण बाई होती, मान खाली घातलेली. प्रदर्शनात तिच्याखाली मी कष्ट असं लिहिलं होतं.

बाईनं फोटो पाहिला, मग मला. कानांशी केस पिकले होते, पण तीच होती.

"किती बाजार झाले, वाट बघून राहिले," ती म्हणाली. "ते राठोडभाऊ सांगून गेले व्हते. म्हणले, तुमचा फोटो सरांकडं हाय, ते येतील. मी म्हणलं, तुमीच द्या की, हातात तर हाय तुमच्या. तर न्हाई म्हणले. समद्यांना तेच सांगून गेले. ती मिरचीवाली, तो घोंगड्यावाला, समदे इचारत्यात, आले का सर?"

मी गठ्ठ्यातला पुढचा फोटो वर काढला.

"तुमीच का ते? पाकिटं फाडणारे?"

"होय," मी म्हणालो.

"मंग उभे काहून? बसा खाली. उभ्यानं लिवलं की चुकतंय."

मी तिच्या टोपल्यांमध्ये जमिनीवर बसलो. पाकीट गुडघ्यावर ठेवलं आणि तिला नाव विचारलं. तिनं आधी स्वतःचं सांगितलं, मग नवऱ्याचं शेजारणीकडून वदवून घेतलं, मग गावाचं. मंद लेकराला सांगावं तसं, एकेक शब्द थांबून. मी लिहिलं.

"वाचून दावा."

मी वाचलं. तिनं मान कलवून ऐकलं आणि फोटो पदराला पुसला.

"पुन्यांदा. मोठ्यानं."

मी पुन्हा वाचलं, बाजाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.