बिजाईची अट

सडक अर्जुनीच्या बसथांब्यावर ती बाई मला एकदाच भेटली. शिक्षकांना संगणक शिकवून ती परतत होती आणि झोळीतील एकेक सीडी पदराने पुसत होती. आमच्या शाळेतील विकतच्या प्रणालीची मुदत संपल्याने संगणक बंद पडला होता आणि मुलांचा वार्षिक अंक त्यातच अडकला होता. मी हे सांगताच तिने एक सीडी माझ्या हाती ठेवली. ही प्रणाली कोणीही वापरावी, सुधारावी, वाटावी, असे ती म्हणाली.

मी विचारले, "फुकट? काही अट असेलच."

"हाव ना गुरुजी, आहे," ती हसली. "आमच्या गावात धानाची बिजाई, पेराचं बी, मागनाऱ्याले कोनी 'नाही' मनत नाही. पन काय उगवलं नाही, थे त्यानं येऊन सांगा लागते."

संगणक सुरू झाला; मात्र मराठी जोडाक्षरे तुटून दिसत होती. तिची अट स्मरून मी गोंदियाच्या सायबर कॅफेतून प्रणाली घडवणाऱ्यांना तसे कळवले. पुढच्या आवृत्तीत अक्षरे नीट जुळली आणि मुलांचा अंक छापून झाला.

त्या थांब्यावर बस थांबली की मी अजूनही खिडकीतून ती झोळी शोधतो. उगवले, हे तिला सांगायचे राहिले आहे.