टेबलामागची पाल

केशोरीकडच्या आमच्या गावात बकारामइतका जपून वागणारा माणूस दुसरा नाही. वनखात्याच्या रोपवनात झाडं लावायच्या मजुरीत जन्म गेला, पण मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने कधी धूळ बसू दिली नाही. मुलगी नर्सिंगला गोंदियाला गेली, तरी हा रोज सकाळी तो पुसायचा आणि वर बायकोचं, चमेलीवहिनीचं, जुनं लुगडं पांघरवायचा. "बाळंतिणीसारखं काय जपतोस रे?" असं मी चिडवायचो.

त्या कॉम्प्युटरमध्ये रुख्माआत्या होती. बकारामच्या बापाने जंगलातली दोन एकर जमीन कोणत्या साली साफ केली, मोहाची कोणती झाडं राखली, बांध कुठून घातला, हे डोळ्यांनी पाहिलेलं गावात तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. त्या जमिनीच्या वनहक्क पट्ट्यासाठी बकारामने दावा केला होता, आणि त्याला जुन्या माणसाचा जबाब लागतो. मुलीने सुट्टीत आत्याला समोर बसवून सगळं व्हिडिओत बोलतं केलं. कागदावर अंगठा घ्यायचा राहिला आणि आत्या गेली.

मग बकाराम रोज संध्याकाळी तो व्हिडिओ लावू लागला. सुनावणीला काय सांगायचं ते पाठ व्हावं म्हणून, आणि आत्या दिसावी म्हणूनही. दिवाळीनंतर एक गंमत सुरू झाली. आत्या बोलू लागली की टेबलामागून पाल चुकचुकायची. वहिनी लगेच जमिनीवर तीनदा बोट आपटायची.

"पाहा गुर्जी, आत्या खरी बोलून राहिली. पाल बी साक्ष देऊन राहिली!"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मीही बोट आपटलं. खिशात पेनड्राइव्ह असायचा, शाळेची सगळी कागदपत्रं त्यातच. पण तो काढून आत्याची एक नक्कल करून ठेवावी हे माझ्या टाळक्यात आलं नाही. त्याबद्दल मला अजून माझाच राग येतो.

बकारामने एकदा टेबल सरकवून पाहिलं. पाल दिसली नाही. "हाकलता कायले तिले?" म्हणत वहिनीने टेबल परत भिंतीला लावायला लावलं. शेजारीपाजारी ऐकायला येऊ लागले आणि आत्या दिवसातून दोन-तीनदा बोलू लागली. फेब्रुवारीत एके दिवशी ती वाक्याच्या मध्येच अडकली, तोंड उघडं, हात वर. मग पडदा काळा झाला. चुकचुक मात्र चालूच होती.

अर्जुनीच्या दुरुस्तीवाल्याने डबा उघडून कान लावला. "कितने दिन से आवाज आ रही है?"

"दिवाळीपासून," बकाराम म्हणाला. "पण ते तर पाल होती ना जी."

तो हसला नाही. आतली हार्ड डिस्क मरायला टेकली होती, तिचाच तो आवाज, असं त्याने समजावून सांगितलं. पहिल्याच दिवशी बंद केली असती तर सगळं निघालं असतं. आम्ही रोज चालवून चालवून ती आतून खरवडली होती. डिस्क नागपूरला पाठवली. महिन्याने तशीच परत आली.

सुनावणीला मीही गेलो. साहेब वाईट नव्हते. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. बकाराम उभा राहूनच आत्याचं बोलणं तिच्याच शब्दांत बोलला, ती जिथे थांबायची तिथे थांबून. कुठे अडखळला नाही.

"तुम्ही स्वतःच दावेदार आहात," साहेब म्हणाले. "तुमचं सांगणं साक्ष म्हणून धरता येत नाही. दुसरं कोणी म्हातारं माणूस नाही का?"

"होती," बकाराम म्हणाला. "आमीच मारली जी तिले."

दावा नामंजूर झाला. पावसाळ्याच्या तोंडावर त्या दोन एकरांत वनखात्याचं रोपवन निघालं आणि खड्डे खणायला गावातलेच मजूर घेतले. यादीत बकारामचंही नाव होतं. मी त्याच्या घरी गेलो, म्हणालो, "भाऊ, तू नको जाऊ."

"दुसऱ्याच्या हातानं कायले, गुर्जी?" तो म्हणाला आणि कुदळ घेऊन गेला.