सुक्या भाताचा गोळा

वेसाव्याच्या कोळीवाड्यातली हेमांगी डॉक्टर झाली, एम.डी. होऊन रेडिओलॉजिस्ट झाली, आणि तरीही बाईसाहेब पुन्हा शिकायला बसल्या. फक्त पोटाचे स्कॅन वाचण्याचा एक वर्षाचा खास अभ्यासक्रम, अंधेरीतल्या एका मोठ्या रुग्णालयात. मासळी बाजारात तिची आई कृष्णाबाई अभिमानानं सांगायची, "लेक अजून शिकते." गिऱ्हाईक म्हणायचं, "अजून?" त्यावर कृष्णाबाईचं उत्तर ठरलेलं, "पोट काय लहान असतं?"

विभागाचे प्रमुख डॉ. श्यामकांत. माणूस विद्वान, पण जिभेला धार. "चित्र सगळं सांगतं," ते पोरांना बजावत. "गप्पा मारायच्या असतील तर दुसरा धंदा बघा."

एका बुधवारी वाकोल्याच्या गुणाजींचा स्कॅन चर्चेला आला. साकीनाक्याला लेथवर काम करणारा, अठ्ठावन्न वर्षांचा मालवणी माणूस. महिनाभर पोटात दुखत होतं, अधूनमधून ताप. जठर आणि यकृताच्या मध्ये लिंबाएवढी गाठ. दुर्बिणीतून तुकडा काढून झाला, त्यातून काही धड कळलं नाही. सरांचं मत पडलं कॅन्सर. दुसऱ्याच दिवशी पोट उघडायचं, अर्धं जठर आणि यकृताचा तुकडा काढायचा, असं सर्जननं ठरवून टाकलं.

हेमांगी दुपारभर तो स्कॅन मिलीमीटर मिलीमीटरनं बघत बसली. गाठीच्या पोटात एक पांढरी रेघ होती. बारीक आणि सरळ.

"शिरेत साठलेला चुना," सर म्हणाले.

"शीर इतकी सरळ जात नाही, सर. मला माशाचा काटा वाटतो."

"त्याला दोनदा विचारलंय. काटा गिळला नाही म्हणतो. लिहिलंय बघ कागदावर."

लिहिलं होतं खरं. पण हेमांगीला त्या "नाही"चं हसू आलं, आणि मग अंगावर काटाच आला. अहो, मासे खाणारा कोण कबूल करेल? घशात काटा अडकला की घरातलं मोठं माणूस पाठीत धपाटा घालतं आणि सुक्या भाताचा गोळा न चावता गिळायला लावतं. डॉक्टर कितीही ओरडोत, किनाऱ्यावर हाच उपाय. आणि मग माणसाच्या लेखी त्यानं भात गिळलेला असतो. काटा "गेलेला" असतो. कुठे गेला, हे कोण विचारतंय?

ती सरळ वॉर्डात गेली. "काका, जेवताना सुका भात कधी गिळलात?"

गुणाजींना प्रश्न ओळखीचा वाटला असावा. "ता होय? दोन महिने झाले. जेवणाक तांबोशाची डोकी होती. काटो अडाकललो, सुक्या भाताचो गोळो गिळलंय, काटो गेलो."

ती धावतच सरांकडे आली. सरांनी ऐकलं, चष्मा पुसला, स्कॅन पुन्हा लावला आणि ती रेघ मोठी करून बघितली. मग सर्जनला फोन करून एवढंच म्हणाले, "पोट उघडू नका, आधी छोट्या छिद्रातून बघा."

गुरुवारी हेमांगी ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात उभी होती. ती चुकली असती तर कॅन्सरवाल्या माणसाचा वेळ फुकट गेला असता, आणि ते खापर जन्मभर तिच्या डोक्यावर. सर्जनच्या चिमट्याला काहीतरी लागलं. हळूहळू बाहेर आलं. साडेतीन सेंटिमीटरचा काटा, अजूनही टोकदार. गाठीचा तुकडा तिथल्या तिथे तपासला. कॅन्सर नव्हता, जठर भेदून गेलेल्या काट्याभोवती साठलेला पू होता. गुणाजींचं जठर होतं तसं शाबूत राहिलं. कान सोनारानंच टोचावे म्हणतात, ते काही उगाच नाही.

सोमवारच्या तासाला सरांनी तोच स्कॅन पडद्यावर लावला. खोलीत तीसएक डॉक्टर. "हा मी दोनदा बघितला आणि दोनदा चुकलो," ते म्हणाले. "पेशंटला काय विचारायचं, ते आता डॉ. हेमांगी शिकवतील." आणि ते पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले.

हेमांगी पुढे आली. दोन घोट पाणी पिऊन ती म्हणाली, "मी वेसाव्याची कोळीण. आमच्याकडे काटा अडकला की..."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि लिहून घ्यायला लागले.